मुलाखतीच्या कार्यक्रमाचे चित्रीकरण: प्रेक्षकांच्या खुर्चीतून काय दिसते?

सांजवेळ (धागाकर्ती):

मुलाखतीचा जो कार्यक्रम मी गेली काही वर्षे सहसा चुकवत नाही, त्याच्या चित्रीकरणाला प्रेक्षक म्हणून बसण्याचा योग मागच्या हिवाळ्यात आला. तेव्हापासून नात्यातले, ओळखीचे आणि इथलेही काही जण ‘तिथे नेमके काय असते, पास कसा मिळतो, जावे का’ असे विचारत आहेत, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. कार्यक्रमाचे आणि वाहिनीचे नाव घेणार नाही. आत सोडण्यापूर्वी आम्हा सर्वांची एका कागदावर सही घेतली होती, आणि खाली थोडा तक्रारीचा सूरही येणार आहे.

आधी मतच सांगून टाकते. चित्रीकरणाला बोलावलेला प्रेक्षक त्या दिवसापुरता निर्मितीच्या कामावर असतो. टाळ्या, हशा, चेहऱ्यावरचे भाव आणि भरलेल्या खुर्च्या एवढे त्याच्याकडून हवे असते आणि ते मिळेपर्यंत त्याला सोडत नाहीत. हे मनाशी धरून गेलेल्या चाहत्याला तिथे पुष्कळ पाहायला मिळते. विशेषतः मुलाखत घेणाऱ्याचे कसब, जे प्रक्षेपणात बरेचसे कापले जाते. नाटकाला जावे तशा अपेक्षेने गेलेला माणूस मात्र पाहुणे येण्याआधीच जांभया देऊ लागतो.

चित्रीकरण गोरेगावच्या दादासाहेब फाळके चित्रनगरीत होते. राज्य सरकारने १९७७ साली उभारलेली ही चित्रनगरी आरे वसाहत आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यान यांना लागून आहे, त्यामुळे फाटकातून आत गेल्यावर आपण मुंबईतच आहोत यावर विश्वास बसायला थोडा वेळ लागतो. पासवर सकाळची वेळ होती. पाहुण्यांसह पहिला शॉट लागला तो दुपारचा चहा होऊन गेल्यावर. मधला बराचसा वेळ आम्ही फ्लोअरबाहेरच्या, म्हणजे चित्रीकरणाच्या दालनाबाहेरच्या, मांडवात प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून होतो. भ्रमणध्वनी पिशवीत घालून, त्यावर क्रमांकाची चिठ्ठी लावून काढून घेतले होते. फोन नसलेली शंभरेक माणसे एकत्र बसली की काय होते हे पाहणे हाही एक अनुभव होता: तासाभरात विरार, कल्याण आणि लालबाग अशा तीन टोळ्या तयार झाल्या आणि कोणाचे कोणते गाव, कोणाची कोणती मालिका याची देवाणघेवाण सुरू झाली.

पासाबरोबर कपड्यांविषयी सूचना आली होती. पांढरे नको, पूर्ण काळे नको, बारीक रेघा किंवा बारीक चौकडी नको, कोणत्याही कंपनीचे बोधचिन्ह नको. बारीक रेघा कॅमेऱ्यात लहरींसारख्या थरथरतात हे मी पूर्वी वाचले होते. पण रंगावरून माणसांच्या जागा ठरतात हे मात्र तिथेच कळले. एक सहायक दारात उभा राहून आमच्याकडे क्षणभर पाहत होता आणि बोटाने जागा दाखवत होता. माझ्या बहिणीची मोहरीच्या रंगाची साडी दुसऱ्या रांगेत मध्यभागी गेली; माझ्या राखाडी कुडत्याची रवानगी खांबाजवळच्या कोपऱ्यात झाली. एकत्र बसू द्या अशी विनंती केली तर तो नम्रपणे म्हणाला, “ताई, फ्रेम बिघडते.”

मग फ्लोअर मॅनेजरने ताबा घेतला. कानाला हेडफोन लावलेली, अंगावर साधा टीशर्ट असलेली ही मुलगी जेमतेम पंचविशीची असावी, पण तिने ज्या सफाईने आम्हाला हाताळले ती शाळेतल्या जुन्या पीटीच्या बाईंनाही जमली नसती. मंचावर कोणीही नसताना तिने आमच्याकडून आधी साध्या टाळ्या, मग जोरदार टाळ्या, मग उभे राहून टाळ्या घेतल्या. नंतर हशा, नंतर आश्चर्य. शेवटी ती म्हणाली, “आता सगळ्यांनी समोरच्या सोफ्याकडे पाहा आणि कोणीतरी मनातले काहीतरी सांगते आहे असे समजून ऐका.” आम्ही रिकाम्या सोफ्याचे बोलणे गंभीरपणे ऐकत राहिलो आणि दोन कॅमेरे आमच्या चेहऱ्यांवरून फिरत राहिले.

पाहुण्या एक ज्येष्ठ अभिनेत्री होत्या. त्या नाटक कंपनीबरोबरच्या आपल्या पहिल्या दौऱ्याविषयी बोलू लागल्या: घरून विरोध, तरीही दादर स्थानकावर लोखंडी ट्रंक घेऊन पोहोचवायला आलेले वडील, गाडी सुटेपर्यंत एक शब्दही न बोललेले. सभागृहात खरोखरच डोळे भरून आले होते, आणि तेवढ्यात पॅनलवरून, म्हणजे दिग्दर्शक जिथे बसतो त्या नियंत्रण कक्षातून, निरोप आला की बाईंच्या गळ्यातली ठुशी कपड्याला लावलेल्या माइकवर घासते आहे आणि मागची चार मिनिटे वापरता येणार नाहीत. कट. ध्वनिमुद्रण सहायक आला, माइक खाली सरकवला, ठुशी मागे ओढून टाचणी लावली, रंगभूषाकार आला, डोळ्यांखालचे काजळ पुसले.

या वेळी मुलाखत घेणाऱ्याने जे केले त्यासाठी मी पुन्हा तिथे जाईन. त्या मधल्या वेळात त्याने दौऱ्याचा विषयच काढला नाही. कंपनीच्या गाडीत जेवण कसे असायचे, कोणाला गाडी लागायची, असल्या किरकोळ गप्पा त्याने हलक्या आवाजात चालू ठेवल्या. कॅमेरे पुन्हा सुरू झाल्यावर ‘तो प्रसंग परत सांगा’ असे तो म्हणाला नाही. त्याने विचारले, “त्या ट्रंकेवर नाव कोणी रंगवले होते?” बाई एकदम हसल्या. नाव वडिलांनीच रंगवले होते, आदल्या रात्री, घरच्या कोणाला न सांगता, आणि जागा पुरली नाही म्हणून आडनावाची शेवटची अक्षरे खाली उतरली होती. तोच प्रसंग दुसऱ्या टोकाने सुरू झाला आणि पहिल्यापेक्षा चांगला झाला. हे कसब टीव्हीवर दिसले नाही, कारण प्रक्षेपणात तो प्रश्नच नव्हता. बाई आपणहून ट्रंकेविषयी बोलू लागतात असे दाखवले होते, आणि त्याच्या आधीचा जोड झाकण्यासाठी एका प्रेक्षकाचा गहिवरलेला चेहरा होता. तो चेहरा माझ्या बहिणीचा होता. सकाळचा, रिकाम्या सोफ्याकडे पाहणारा.

आता तक्रार. त्या दिवशी एक नव्हे, दोन भागांचे चित्रीकरण होते आणि हे कोणीही आधी सांगितले नव्हते. पहिला भाग संपल्यावर मुलाखतकाराने कपडे बदलले, पाहुणे बदलले, आणि आम्हाला उठवून वेगळ्या जागांवर बसवले, म्हणजे प्रेक्षकही नवे वाटावेत. ज्यांना घरी जायचे होते त्यांना ‘खुर्च्या रिकाम्या दिसतील’ म्हणून थांबवण्यात आले. एका बाईंचे लहान मूल घरी शेजाऱ्यांकडे होते. त्यांना त्यांचा फोन परत मिळवण्यासाठी तिघांच्या विनवण्या कराव्या लागल्या. प्रेक्षकाला कामाला लावायचे तर किती वेळचे काम आहे हे त्याला आधी सांगणे ही किमान रीत आहे, असे मला वाटते.

ज्यांनी असा अनुभव घेतला आहे त्यांनी लिहावे. ज्यांना जायचे आहे त्यांनी विचारावे.

दिंडोशीकर:

सांजवेळ, उत्तम लिहिले आहे. मी चित्रनगरीच्या वाटेवरच राहतो, त्यामुळे दर महिन्याला कोणीतरी पाहुणा ‘एवढे शूटिंग दाखव’ म्हणून येऊन बसतो. काही व्यवहारातल्या गोष्टी जोडतो.

जाण्यासाठी मेट्रो ७ चे दिंडोशी स्थानक सोयीचे पडते, तिथून रिक्षा. गोरेगाव पूर्वेकडून बेस्टची बसही आहे. मात्र फाटक हे मुक्कामाचे ठिकाण नव्हे. आतले रस्ते चढउताराचे आणि लांब आहेत, म्हणून फ्लोअरचा क्रमांक किंवा सेटचे नेमके ठिकाण आधी विचारून ठेवावे. रात्री बाहेर पडताना एकट्याने चालत येऊ नये. उद्यान शेजारी असल्यामुळे बिबट्याचा वावर ही इथे अफवा नाही, सेटच्या आवारातही तो शिरलेला आहे.

पासाबद्दल: प्रेक्षक म्हणून बसण्याचे पैसे द्यावे लागत नाहीत. वाहिनी आपल्या अधिकृत पानावर आवाहन करते, किंवा निर्मितीसंस्थेतल्या ओळखीने नाव लागते, किंवा ऑडियन्स कोऑर्डिनेटर माणसे जमवतो. ‘अमुक ताऱ्याशेजारी बसवतो, इतके पाठवा’ असा संदेश आला तर तो सरळ पुसून टाकावा.

आत गेल्यावर बाहेर पडण्याचा दरवाजा कुठे आहे ते पाहून ठेवावे, हे मी प्रत्येक पाहुण्याला सांगतो आणि प्रत्येक जण हसतो. सेट म्हणजे प्लायवूड, कापड, रंग आणि डोक्यावर तापलेले दिवे. सप्टेंबर २०१३ मध्ये ‘कॉमेडी नाइट्स विथ कपिल’चा याच चित्रनगरीतला सेट आगीत जळून गेला होता. काडेपेटी, लायटर आत नेऊ देत नाहीत म्हणून कुरकुरणाऱ्यांनी हे आठवावे.

एक प्रश्न: तुमच्या पुढच्या दोन रांगांतले लोक चाहते होते की आणलेले होते?

सांजवेळ:

दोन्ही होते. पहिल्या रांगेतल्या काही तरुण मुलामुलींशी मांडवात बोलणे झाले. ती कोऑर्डिनेटरमार्फत आली होती, त्यांना दिवसाचा मोबदला मिळणार होता आणि आदल्या दिवशी ती एका नृत्यस्पर्धेच्या सेटवर टाळ्या वाजवून आली होती. त्यातली एक जण मला म्हणाली की टाळी तळहातावर वाजवू नये, बोटांवर वाजवावी, नाहीतर संध्याकाळपर्यंत हात सुजतात. सल्ला अगदी खरा निघाला.

शंकेखोर:

सर्व वाचले आणि मन खट्टू झाले. एका बाईंच्या वडिलांची आठवण ऐकून गहिवरलेला जो चेहरा मी माझ्या घरी बसून पाहिला, तो चेहरा त्या वेळी काहीच ऐकत नव्हता. पुढच्या रांगेतले लोक मोबदल्यावर हसत होते. मुलाखतकाराचा जो प्रश्न उत्तम होता तोच काढून टाकला. याला फसवणूक म्हणायचे नाही तर काय म्हणायचे? मालिकेत रडणारी नटी नटी आहे हे मला ठाऊक असते. मुलाखतीत मात्र ‘हे घडले’ असे मला सांगितले जाते. सांजवेळ यांना यात कसब दिसले. मला त्यात शिताफी दिसते.

पॅनलवाला:

शंकेखोर यांचा राग मी समजू शकतो, कारण असे जोड देण्याचे काम मी बरीच वर्षे केले आहे. पण हे जोड का लागतात ते आधी सांगतो.

एक तासाच्या वेळेत प्रत्यक्ष कार्यक्रम एक तासाचा नसतो. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या नियमानुसार तासाला जास्तीत जास्त १२ मिनिटे जाहिराती आणि वाहिनीची स्वतःची प्रसिद्धी यांना देता येतात, म्हणजे हाती राहतात ४८ मिनिटे. त्यातून शीर्षक, ‘पुढे पाहा’, मागच्याची उजळणी वजा करा. आणि मुलाखत मात्र दोन-अडीच तास चाललेली असते, कारण माणूस पहिल्या अर्ध्या तासात खरे बोलू लागत नाही. म्हणजे अर्ध्याहून अधिक बोलणे कापावेच लागते. आता गोम इथे आहे: एकाच कॅमेऱ्यावर पाहुण्याचे एक वाक्य कापून त्याला पुढचे वाक्य जोडले तर डोके एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी मारते, पदर खांद्यावरून अचानक मांडीवर येतो, हातातला पाण्याचा ग्लास नाहीसा होतो. ती उडी झाकायला मध्ये दुसरे काहीतरी दाखवावे लागते. प्रेक्षक असतील तर प्रेक्षकांचा चेहरा, नसतील तर मुलाखत घेणाऱ्याची डोलणारी मान. ‘कॉफी विथ करण’सारख्या प्रेक्षक नसलेल्या, सोफ्यावरच्या गप्पांच्या कार्यक्रमात ऐकणाऱ्या माणसाचा चेहरा याच कामी येतो.

‘मग खऱ्या क्षणी प्रेक्षकांचे चेहरे का घेत नाही?’ असे कोणीही विचारील. घेतो. पण पाहुणा रडू लागला की पॅनलवरून सर्व कॅमेऱ्यांना एकच हुकूम जातो, त्याच्यावर थांबा. त्या वेळी एखादा कॅमेरा प्रेक्षकांकडे वळवला आणि नेमका तोच कोन पुढे हवा होता असे झाले, तर दिग्दर्शक कॅमेरामनला जन्मभर क्षमा करीत नाही. जिमी जिबची, म्हणजे टोकाला कॅमेरा लावलेली, लांब काठी फिरवायलाही जागा आणि वेळ लागतो. म्हणून सकाळी, सगळे ताजे असताना, गंभीर चेहऱ्यांचा साठा करून ठेवतात.

हशाचेही सांगतो. अमेरिकेत चार्ली डग्लस नावाच्या ध्वनितंत्रज्ञाने १९५० च्या दशकात ध्वनिमुद्रित हशाचे यंत्रच तयार केले होते आणि प्रेक्षकाविना चित्रित झालेल्या विनोदी मालिकांना ते वर्षानुवर्षे हसू पुरवत राहिले. आपल्याकडे प्रेक्षकांच्या डोक्यावर वेगळे माइक टांगलेले असतात. त्यावर मुद्रित झालेला हशा नंतर कमी-जास्त करता येतो, आणि विनोद पडला असेल तर दुसरीकडचा आणून लावताही येतो. अशा कामावर मी ‘हे नको’ म्हणालो आहे आणि ऐकूनही घेतले गेलेले नाही.

माझी सीमारेषा मी सांगतो. जोड झाकायला कोणाचाही चेहरा घेतला तर मला चालते. एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या प्रश्नाला जोडले तर मला चालत नाही. पाहुणा गंभीर असताना खाली हशा घातला तर तो पाहुण्याचा अपमान आहे. ट्रंकेचा प्रश्न काढला गेला तो बहुधा वेळेसाठी; आठ सेकंद वाचली असतील. मी तिथे असतो तर तो ठेवला असता, कारण त्याने उत्तराला दार उघडले, पण मुलाखतकाराचे चांगले प्रश्नच सर्वांत आधी कापले जातात हा या धंद्यातला जुना अन्याय आहे.

जुना वरळीकर:

ही चर्चा वाचताना वरळीचे दूरदर्शन केंद्र आठवले. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, दिल्लीनंतरचे देशातले दुसरे. तबस्सुम यांचा ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ हा हिंदी सिनेकलावंतांच्या मुलाखतींचा कार्यक्रम तेव्हापासून १९९३ पर्यंत चालला. आमच्या महाविद्यालयातल्या काही मुलांना एकदा वरळीच्या स्टुडिओत एका कार्यक्रमासाठी श्रोते म्हणून नेले होते. अंगावर थंडी आणि डोक्यावर दिव्यांची धग हे त्या वेळीही होते, पण वाट पाहणे असे नव्हते. फितीचे संकलन त्या काळी वेळखाऊ आणि खर्चिक होते, म्हणून मुलाखत शक्यतो एका दमात, जवळजवळ जशीच्या तशी होत असे. मुलाखतकार चुकला तर चूक दिसत असे. त्याची तयारी त्यामुळे घरी होत असे, संकलनाच्या मेजावर नाही.

शंकेखोर, तुम्हाला जे हवे आहे ते प्रकट मुलाखतीत मिळेल. शिवाजी मंदिर, दीनानाथ, यशवंत, रवींद्र नाट्य मंदिर अशा सभागृहांत मराठी माणसाने दोन खुर्च्या आणि एक टेबल एवढ्यावर किती संध्याकाळी घालवल्या आहेत याला गणती नाही. सुधीर गाडगीळ यांना समोर बसून ऐकलेली पिढी अजून आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये पुण्यात राज ठाकरे यांनी शरद पवारांची मुलाखत घेतली तेव्हाही मजा होती ती याचीच, की बोललेला शब्द मागे घेता येत नव्हता आणि समोरची गर्दी कोणाच्या इशाऱ्यावर टाळ्या वाजवत नव्हती. तिथे श्रोता आवडले नाही तर उठून जाऊ शकतो. त्याचा फोन कोणी पिशवीत घालून ठेवत नाही.

सांजवेळ:

वरळीकर काका, प्रकट मुलाखतींची मीही भक्त आहे, आणि पार्ल्याला दीनानाथमध्ये अनेकदा जाते. तरीही दोन्हींची बरोबरी होत नाही असे वाटते. सभागृहातली मुलाखत सुरू असते तेव्हा मुलाखतकाराला अडचण आली तर ती आपल्याला दिसू नये याची तो काळजी घेतो. चित्रीकरणात मात्र अडचण उघड्यावर येते: कॅमेरे थांबतात, माणसे मंचावर चढतात, पाहुण्याचा सूर तुटतो आणि तो परत जुळवायचे काम सर्वांसमोर करावे लागते. ते पाहणे मला अधिक मोलाचे वाटले. शिवाय एक बारकावा लिहायचा राहिला होता. कट झाल्यावर त्या ज्येष्ठ अभिनेत्रींभोवती चार माणसे वावरत होती, तेव्हा मुलाखतकाराने आपली खुर्ची किंचित पुढे ओढून त्या आणि प्रेक्षक यांच्या मधोमध स्वतःला आणले, जेणेकरून काजळ पुसले जात असताना आम्हाला त्यांचा चेहरा दिसू नये. हे कोणी त्याला सांगितले नव्हते.

पॅनलवाला, तुमचे ‘एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याला जोडू नये’ हे पटले.

शंकेखोर:

पॅनलवाला यांनी मनापासून लिहिले याबद्दल आभार, पण मी माझ्या मतावरून हललेलो नाही. वाहिनीने कार्यक्रमाच्या अखेरीस श्रेयनामावली चालवताना ‘प्रेक्षकांच्या काही प्रतिक्रिया स्वतंत्रपणे चित्रित केल्या आहेत’ असे एक वाक्य लिहिले तर काय बिघडते? ‘धूम्रपान आरोग्यास घातक आहे’ हे वाक्य पडद्यावर चालते, तर हेही चालेल.

पॅनलवाला:

काहीच बिघडणार नाही. श्रेयनामावली वाचता येईल एवढ्या वेगाने चालली तर.

आईसाठी विचारते:

धागा उशिरा पाहिला. माझी आई सत्तरीपुढची आहे आणि ‘चला हवा येऊ द्या’ २०१४ मध्ये सुरू झाले तेव्हापासून तिची एकच इच्छा आहे की अशा एखाद्या कार्यक्रमाच्या प्रेक्षकांत आपण एकदा बसावे. कोणत्या कार्यक्रमात, हे तिच्या लेखी दुय्यम आहे. टाळ्या वाजवताना टीव्हीवर दिसले पाहिजे. आता एका कार्यक्रमाचा पास मिळण्याची शक्यता आहे. तिला गुडघ्यांचा त्रास आणि मधुमेह दोन्ही आहेत. वरचे सर्व वाचून धास्ती वाटली. न्यावे का?

दिंडोशीकर:

प्रेक्षकांच्या रांगा बहुधा लाकडी पायऱ्यांच्या मंचावर असतात. पायऱ्या उंच, अरुंद आणि बऱ्याचदा कठडा नसलेल्या. गुडघे दुखत असतील तर वरच्या रांगेत मुळीच बसू देऊ नका. पाससाठी नाव देतानाच ‘ज्येष्ठ नागरिक आहेत, खालची रांग, कडेची खुर्ची’ असे लिहून कळवा आणि दारात पुन्हा सांगा. स्वच्छतागृह फ्लोअरपासून किती लांब आहे हे विचारण्यात संकोच करू नका, कारण एकदा ‘रोलिंग’ झाले की मध्ये उठता येत नाही. गाडी आतपर्यंत सोडतील का हेही त्याच वेळी विचारून घ्या.

सांजवेळ:

मी नेईन. पण एकटीला पाठवणार नाही, सोबतीचा पास मिळत असेल तरच. बाकी असे करा.

नाव देतानाच विचारा की त्या दिवशी भाग किती आहेत, आणि दोन असतील तर पहिल्या भागानंतर निघता येईल का. उत्तर गुळमुळीत आले तर दुसरा दिवस मागा. फ्लोअरवरचा गारवा दिव्यांसाठी आणि यंत्रांसाठी ठेवलेला असतो, तो म्हाताऱ्या माणसाला बाधतो. शाल हवीच, मात्र चित्रीकरणाच्या वेळी ती मांडीवर घ्यायला सांगतील. पिशव्या बाहेर ठेवून घेतात, म्हणून गोळ्या, ग्लुकोजची बिस्किटे आणि खडीसाखर दारात दाखवून, मधुमेहाचे कारण सांगून जवळच ठेवायची परवानगी घ्या. मला स्वतःला कोणी अडवले नाही, पण विचारून ठेवलेले बरे. जेवणाच्या वेळेवर विसंबू नका. आम्हाला वडापाव मिळाला तो तीन वाजता.

साडी मोहरी, डाळिंबी, मोरपंखी अशा रंगाची असेल तर पुढे बसण्याचा संभव अधिक. फार चकचकीत जर नको, दिव्यांत चमकते. आणि आईंना हे आधीच सांगून ठेवा की सकाळी रिकाम्या सोफ्याकडे पाहायला सांगतील, तेव्हा मनापासून पाहा, कारण टीव्हीवर दिसायचे असेल तर बहुतेक तेच दिसणार आहे.

आईसाठी विचारते:

तिला वाचून दाखवले. ती म्हणते, सोफ्याकडे काय, भिंतीकडेही पाहीन. भाग किती आहेत ते विचारणारा निरोप आजच पाठवला आहे. उत्तर आले की इथे कळवते.